भरलेल्या अंगाला नीट बसणारी ब्रा कशी निवडावी

ब्राचे पट्टे खांद्यात रुततात, काखेजवळ टोचतं, पाठीवर वळ उठतात आणि घरी पोचल्यावर पहिलं काम म्हणजे हुक काढणं. भरलेल्या अंगाच्या कितीतरी बायका हे असंच असायचं म्हणून सोडून देतात आणि दोष आपल्या अंगालाच देतात. बहुतेक वेळा दोषी असतो तो बँड, म्हणजे छातीखालून पाठीकडे जाणारा पट्टा. छातीचं वजन मुख्यतः त्याने पेलायचं असतं. खांद्यावरच्या पट्ट्यांचं काम कप अंगालगत धरून ठेवण्यापुरतं. बँड सैल असला की सगळा भार खांद्यांवर येतो, आणि छाती जितकी जड तितकं हे जास्त जाणवतं.

म्हणून सुरुवात मापापासून करू. लेस, रंग, फॅशन हे सगळं नंतर.

पहिली पायरी: दोन मापं

शिवणकामाची साधी टेप घ्या आणि आरशासमोर उभ्या राहा. अंगात काही नको, किंवा पॅड नसलेली पातळ ब्रा असू द्या. टेप छातीच्या बरोबर खाली, जमिनीला समांतर गुंडाळा, श्वास सोडा आणि घट्ट ओढून माप वाचा. अंग मऊ आणि मांसल असेल तर टेप नुसती टेकवून घेतलेलं माप आणि ओढून घेतलेलं माप यांत दोन-तीन इंचांचा फरक सहज पडतो. अशा वेळी ओढून घेतलेलं माप धरा, कारण ब्राचं इलॅस्टिकही तसंच दाबून बसणार आहे. बरगड्या हाताला लागत असतील तर मात्र फार ओढू नका, नाहीतर दिवसभर श्वास कोंडेल.

दुसरं माप छातीच्या सर्वांत भरलेल्या भागावरून, टेप न आवळता. ते दोनदा घ्यायचं: एकदा सरळ उभं राहून, एकदा कमरेतून पुढे वाकून. छाती जड किंवा ओघळलेली असेल तर उभ्याने घेतलेलं माप कमी भरतं, वाकल्यावर खरा आकार टेपमध्ये येतो. दोन्हींची सरासरी काढा.

समजा छातीखालचं माप ४० इंच आहे. वरचं उभ्याने ४४ आणि वाकून ४८ भरलं, म्हणजे सरासरी ४६. फरक सहा इंचांचा. एका इंचाला ए, दोनला बी, तीनला सी, चारला डी, पाचला डीडी अशी अक्षरं जातात. इथून पुढे मात्र घोळ आहे. ब्रिटिश पद्धतीत सहा इंचांना ई म्हणतात, अमेरिकन पद्धतीत डीडीडी किंवा एफ. म्हणजे हेच माप एका लेबलवर ४०ई असेल आणि दुसऱ्यावर ४०एफ. मोठ्या मापाची ब्रा ऑनलाइन मागवताना कंपनीचा तक्ता इंचांतला फरक बघूनच वाचा, नुसतं अक्षर बघून नको.

एक जुनी पद्धत अजून चालते: छातीखालच्या मापात चार किंवा पाच इंच मिळवायचे आणि तोच बँड धरायचा. आजच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला या बेरजेची गरज नाही. बेरीज केली की बँड सैल होतो आणि वरच्या मापातला फरक कमी दिसल्याने कपही लहान निघतो. ४०ई लागणारी बाई मग ४४बी घालून फिरते आणि तिला वाटतं, आपल्याला कुठलीच ब्रा होत नाही.

अक्षराचा धसका घेऊ नका. कपांना अक्षरं देण्याची पद्धत १९३०च्या दशकात रुजली तेव्हा ती ए ते डी एवढीच होती, आणि डी म्हणजे शेवटचं टोक हा समज तेव्हापासून चिकटलेला आहे. प्रत्यक्षात कपाचं अक्षर बँडसोबतच वाचायचं असतं. ३२डी आणि ४०डी यांच्या कपांत मावणाऱ्या भागात खूप अंतर आहे. उलट ३८एफ, ४०ई आणि ४२डीडी (तिन्ही ब्रिटिश मापं) यांचे कप साधारण सारखेच. बँड एक माप खाली गेला तर अक्षर एक घर वर सरकवायचं. कप बरोबर आणि बँडच सैल वाटत असेल तेव्हा हे गणित उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: घालून तपासणं

काढलेलं माप ही फक्त सुरुवात. त्याच्या शेजारची एक-दोन मापंही सोबत घेऊन ट्रायल रूममध्ये जा.

नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावा. इलॅस्टिक वापराने ढिलं होतं, आतले हुक त्या दिवसांसाठी आहेत. नवीन असतानाच शेवटच्या हुकावर जावं लागलं तर बँड मोठा आहे.

आता थोडं पुढे वाका, हात कपात घाला आणि काखेकडे, बाजूला पसरलेला भाग पुढे ओढून कपात घ्या. हे न करता आरशात बघितलं तर कप बरोबर असल्याचा भास होतो. हा भाग आत घेतल्यावर वरून छाती उतू गेल्यासारखी दिसली, दोन गोलाईंच्या चार झाल्या, तर कप लहान. कापडाला चुण्या पडल्या किंवा वर पोकळी राहिली तर कप मोठा, नाहीतर त्याचा घाट तुमच्या छातीचा नाही.

मग बाजूने बघा. बँड पुढून मागे एका रेषेत हवा. पाठीवर तो वर चढला असेल तर सैल आहे, आणि पट्टे आवळून हे दुरुस्त होत नाही. पट्टे आवळले की बँड आणखी वर खेचला जातो. बँडखाली दोन बोटं जेमतेम सरकावीत. तार असेल तर ती स्तनाच्या बाहेरून, बरगड्यांवर बसायला हवी. काखेकडे ती स्तनावरच टेकत असेल तर कप अरुंद आहे. दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला टेकायला हवा. तो हवेत राहिला तर बहुधा कप लहान. दोन्ही स्तन एकसारखे नसतातच, तेव्हा मोठ्याला बसेल तो कप घ्या आणि दुसऱ्या बाजूला हवं तर काढता येणारं पातळ पॅड घाला.

दोन्ही हात वर करा, खाली बसा, वळा. बसल्यावर बँड पोटाकडून दुमडतो का, ते आत्ताच बघा.

तिसरी पायरी: छातीचा घाट ओळखणं

एकच माप असलेल्या दोघींना एकच ब्रा होईल असं नाही, कारण भराव कुठे आहे यावर सगळं अवलंबून.

छाती वरून रिकामी आणि खालून भरलेली असेल, आणि वय किंवा बाळंतपणानंतर अनेकींची तशी होते, तर उंच कपाची ब्रा वरून पोकळ राहते. बाल्कनेट, म्हणजे वरची कड आडवी कापलेली ब्रा इथे शोभते, ती खालचा भाग उचलते. वरूनही भरलेली छाती याच ब्रातून बाहेर येईल. तिला पूर्ण झाकणारा कप घ्या, वरच्या कडेला ताणली जाणारी लेस असलेला मिळाला तर उत्तम.

मऊ आणि ओघळलेल्या जड छातीसाठी माझं मत ठाम आहे: शिवण असलेला कप घ्या. दोन-तीन तुकडे जोडून शिवलेल्या कपाला खोली येते आणि तो छाती खालून उचलतो. साच्यातून काढलेला गुळगुळीत फोमचा कप स्वतःचा आकार सोडत नाही, त्यामुळे मऊ छाती त्यात खाली जमा होते आणि वर फट राहते. शिवण कपड्यातून दिसेल या भीतीने अनेकजणी फोमकडे वळतात. अगदी चिकटून बसणारा टी-शर्ट सोडला तर ती फारशी दिसत नाही.

छाती बाजूंना पसरत असेल तर कपाच्या आत काखेकडून एक जादा पट्टी शिवलेली ब्रा शोधा. ती भाग मध्ये आणते आणि समोरून शरीर सडपातळ भासतं. मिनिमायझर ब्रा बरोबर उलटं करते: छाती दाबून पसरवते, पुढचा उभार कमी करते. शर्टाची बटणं ताणली जाणाऱ्यांना तिचा उपयोग आहे, पण जिची छाती आधीच काखेपर्यंत जाते तिने तिच्या वाटेला जाऊ नये. स्तन एकमेकांना चिकटून असतील तर मधला तुकडा बुटका असलेली प्लंज घ्या, उंच तुकडा टोचतो.

आणि ज्यांच्याकडे दुकानं बघतच नाहीत त्या: अंगाने भरलेल्या, पण छाती लहान. ४२बी मागितलं की मोठ्या बँडसोबत मोठाच कप पुढे येतो. त्यांनी पूर्ण झाकणारे उंच कप टाळून कमी खोलीचे, अर्धे कप घालून बघावेत. ४०सी हेही तपासावं.

चौथी पायरी: बाकीचं अंग

शरीराच्या ठेवणीला सफरचंद, नाशपाती अशी फळांची नावं देणारे तक्ते कपड्यांसाठी असतील कामाचे, पण ब्राला नितंबांशी काही देणंघेणं नाही. तिला खांदे, पाठ आणि बरगडी ते पोट हे अंतर कळतं.

खांदे उतरते असतील तर पट्टे कितीही आवळा, घसरणारच. मागे पट्टे एकमेकांच्या जवळ येणारी किंवा यू आकाराची पाठ असलेली ब्रा घ्या. जड छातीला पट्टे रुंद हवेत, साधारण दोन सेंटिमीटर किंवा जास्त, पण वळ उठत असतील तर आधी बँड तपासा.

पोटाचा भाग छातीला लागूनच सुरू होत असेल तर रुंद बँड बसल्यावर गुंडाळला जातो. अशांना पुढच्या बाजूला, कपांच्या खाली मधोमध कमानीसारखा कापलेला बँड सोयीचा. कंबर लांब असेल तर लाँगलाइन, म्हणजे बँड खाली कमरेकडे लांबवलेली ब्रा छान दिसते, छाती ते कंबर हे अंतर कमी असेल तर तीच पोटात टोचते.

पाठीवरच्या वळ्यांना घाबरून बँड सैल घेऊ नका. घट्ट पण रुंद बँड, तीन-चार हुकांचा आणि बाजूंना उंच, दाब विभागून घेतो आणि पाठ सपाट दिसते. अरुंद पट्टी तेवढ्याच जागेत रुतते.

तार सोसत नसेल तर बिनतारेची घ्या. फक्त कपाला शिवण आणि खाली मजबूत बँड हवा, नुसती ताणली जाणारी बनियन मोठी छाती धरू शकत नाही. व्यायामासाठीही तसंच: दोन्ही स्तन एकत्र दाबणाऱ्या ब्रापेक्षा दोन वेगळे कप असलेली स्पोर्ट्स ब्रा बरी. ट्रायल रूममध्ये चक्क उड्या मारून बघा.

घरी आणल्यावर

एकच ब्रा रोज घालू नका, इलॅस्टिकला एक दिवस मोकळा द्या. कोमट किंवा गार पाण्यात हाताने धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. ड्रायरची उष्णता इलॅस्टिक लवकर मारते. स्तनांखाली घाम साचत असेल तर सुती अस्तर बघा आणि ती जागा नीट कोरडी करून मगच ब्रा घाला. पुरळ हटत नसेल तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

वजन बदललं, बाळंतपण झालं, पाळी जायला आली की पुन्हा मोजा. आणि सर्वांत आतल्या हुकावरही बँड पाठीवर चढत असेल, तर कप कितीही नवे दिसोत, ती ब्रा बदला.