महासीरच्या बोटुकल्यांवर खूण करायची तर कोणती?

महासीर हा गोड्या पाण्यातला मासा; त्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, नदीत सोडण्याआधी खूण करायची, तर सामान मागवण्याआधी एवढं ठरवा: पाच वर्षांनी हा मासा जाळ्यात आला, तर खूण वाचणार कोण? हे न ठरवता घेतलेली यंत्रं कपाटात धूळ खाताना मी पाहिली आहेत.

खूण लागतेच कशाला, असं विचारणाऱ्याला मी कावेरी दाखवतो. लोणावळ्याच्या वळवण केंद्रात 1970च्या दशकापासून आपल्या निळ्या पराच्या महासीरची पैदास होते. तिथलं बीज कावेरीत गेलं, फोफावलं, आणि तिथला मूळचा कुबडा महासीर मागे पडला. या कुबड्याचं शास्त्रीय नाव टॉर रेमादेवी, हे पक्कं झालं 2018 साली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त ठरला. सोडलेला कोणता आणि नदीतला कोणता, हे कळायलाच हवं.

अमेरिकेत सामनच्या पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा मांसल पर कापतात. महासीर पडला कार्पच्या कुळातला, त्याला तो परच नाही. मग पोटाखालचा एक पर घ्या: यंदा डावा, पुढच्या वर्षी उजवा. मुळालगत कापा, नुसतं टोक उडवलं तर परत उगवतो. कापलेला तुकडा फेकू नका, अल्कोहोलच्या कुपीत टाका, डीएनएला कामी येतो. ही खूण कोळ्यालाही दिसते, म्हणून माझी पहिली पसंती हिलाच.

रंगीत इलास्टोमर, म्हणजे कातडीखाली टोचायचा रबरासारखा रंग, जरा नाजूक काम. दोन द्रव मिसळले की रंग हळूहळू घट्ट व्हायला लागतो, म्हणून लागेल तेवढाच कालवा. महासीरचे खवले जाड, तेव्हा डोळ्यामागची किंवा पराच्या मुळाची पारदर्शक कातडी शोधा. इन्सुलिनची सुई कातडीला समांतर आत घाला आणि मागे घेत घेत दट्ट्या दाबा. सुई बाहेर पडायच्या आधीच दाबणं थांबवा. भोकात रंगाची शेपटी राहिली की जखम मिटत नाही आणि खूण गळून जाते. मासा मोठा झाला की वर काळपटपणा चढतो, मग जांभळा टॉर्च लागतो.

तारेचा सांकेतिक तुकडा, जेमतेम एक मिलिमीटरचा, माशाच्या आत टोचतात; अख्ख्या थव्याला एकच संकेत द्यायचा तर चांगला. पण वाचायला मासा मारावा लागतो. दुर्मीळ माशाला हे कसं परवडणार? पिट टॅग म्हणजे माशाच्या अंगात बसवायची छोटी चिप; तिच्यात प्रत्येकाचा वेगळा क्रमांक असतो, बॅटरी नसते. ती प्रजनकांना, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेल्या मोठ्या माशांना, लावा. हजारो बोटुकल्यांना लावणं म्हणजे पैसा पाण्यात, शब्दशः.

प्रजनकांचा डीएनए आधीच नोंदवला असेल तर त्यांचं प्रत्येक पिल्लू जन्मतःच खुणेचं. सुई नको, कात्री नको. फक्त उत्तर प्रयोगशाळेतून येतं, घाटावर नाही. म्हणून डीएनए आणि पर, दोन्ही करा.

खूण करताना माशाला गुंगी द्यायला लवंगतेल वापरतात; ते पाण्यात विरघळत नाही, आधी दहापट अल्कोहोलमध्ये मिसळा. चार-दोन माशांवर मात्रा पाहून मगच बाकीचे घ्या, हात ओले ठेवा. खूण केलेले काही मासे हाप्यात, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, महिनाभर ठेवा. किती मेले, कितींची खूण गेली, हे सोडण्याच्या नोंदीशेजारीच लिहा, नाहीतर पुढे नदीतली मोजणी चुकते.