पत्त्यांच्या डावातून बेरीज पक्की कशी करून घ्यावी

एक ते नऊ या अंकांच्या जोड्यांच्या बेरजा एकूण ४५ आहेत, तीन-पाच आणि पाच-तीन ही एकच धरली तर. त्यांतल्या २० दहाच्या आत राहतात, ५ बरोबर दहा होतात आणि उरलेल्या २० दहाच्या पलीकडे जातात. मुलं अडतात ती या शेवटच्या विसांत. मी नाशिकला सिडकोत घरीच लहान मुलांच्या शिकवण्या घेते. तिसरीतलं मूल २८ अधिक ३५ चुकवतं तेव्हा पालक म्हणतात, त्याला हातचा समजत नाही. बहुतेक वेळा हातचा समजलेला असतो. आठ आणि पाच किती हे शोधण्यातच त्याचा जीव जातो, आणि तेवढ्यात हातचा विसरतो.

पत्त्यांनी हे सुटतं. गड्डी कुठलीही चालते, मेनरोडवर मिळणारी साधी कागदीसुद्धा. राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि जोकर बाजूला काढा, एक्क्यावर मार्करने १ लिहा. उरले ३६ पत्ते. पंचवटीतल्या जुन्या घरांत अजूनही काही आज्यांना घरात पत्ते नको असतात. त्यांच्याशी वाद घालू नका, जुन्या लग्नपत्रिकांचे जाड कागद कापून पत्ते करा. अंकाबरोबर तेवढे ठिपकेही काढा, आणि अंक इंग्रजी असतील तर सहा आणि नऊच्या खाली रेघ मारा.

सुरुवात एक्का ते पंजी एवढ्याच पत्त्यांनी. निम्मे-निम्मे वाटून घ्या, प्रत्येकाने एका वेळी दोन उलटायचे, ज्याची बेरीज मोठी त्याने चारही उचलायचे. यात फार काही शिकवावं लागत नाही.

मग दहाच्या जोड्या. सगळे ३६ पत्ते उघडे पसरा आणि दहा होतील असे दोन-दोन उचलायला सांगा. बरोबर १८ जोड्या होतात, एकही पत्ता उरत नाही. शेवटी न जुळणारे पत्ते उरले, तर मधे कुठेतरी चुकलंय हे मुलाचं मुलालाच कळतं. उघड्या पत्त्यांनी जमलं की पालथ्या पत्त्यांनी खेळा. आठ म्हटल्याबरोबर दोन आलं पाहिजे. ते येईपर्यंत पुढे जाऊ नका, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे.

बदाम सातने गणित सुधारतं असं सांगणारे बरेच भेटतात. बदाम सातमध्ये अंकांचा क्रम पक्का होतो, बेरीज एकही होत नाही. सुट्टीत जरूर खेळा, पण या डावांच्या बदल्यात नको.

आता दहा ओलांडणं. इथे पालकांना दोन सल्ले हमखास मिळतात आणि दोन्ही नुकसान करतात. पहिला, बेरजा पाढ्यांसारख्या पाठ करून घ्या. पाढ्याला चाल असते, ओळीने म्हटला की पुढचा आकडा आपोआप येतो. बेरीज मात्र सुटी समोर येते. नुसतं पाठ केलेलं मूल आठ-पाच आणि आठ-सहा यांची अदलाबदल करतं, आणि आपलं चुकलं की बरोबर आलं हे तपासायला त्याच्याकडे काहीच नसतं. दुसरा सल्ला, बोटं मोजू देऊ नका. बोटं बंद केली की मूल हात पाठीमागे नेऊन मोजतं, नाहीतर अंदाजाने काहीतरी सांगून टाकतं. बोटांपेक्षा सोपी वाट सापडली तरच बोटं सुटतात.

ती वाट दहावरून जाते. आठाला दहा व्हायला दोन हवेत, ते पाचातून घेतले, तीन उरले, दहा आणि तीन तेरा. आपल्याला हे एका दमात सांगता येतं, म्हणून वाटतं की मुलालाही समजलं. याच टप्प्यावर मी बराच काळ अडले होते. मुलं मान डोलवायची आणि पुढच्याच पत्त्याला बोटं काढायची. त्यांच्याकडे नीट बघत बसले तेव्हा दिसलं, की आठाला किती हवेत हे ती पटकन सांगतात. दहाच्या जोड्यांनी ते आलेलंच असतं. गाडी थांबते ती पाचातले दोन गेल्यावर किती उरले, इथे. मुलाला पाचाची फोड करता येत नसते, आणि आपण मात्र त्याला पुन्हा पुन्हा बेरीज समजावत राहतो.

म्हणून आधी फक्त फोडीचा डाव. बदामाची पंजी घ्या. चार कोपऱ्यांत चार बदाम, मधे एक. दोन बदामांवर चिंचोके ठेवा. किती दिसतात? तीन. मग चिंचोके उचलून पत्ता पालथा करा आणि तेच विचारा. तिर्रीपासून नव्वीपर्यंत सगळे पत्ते असे करून घ्या, पण झाकायचा एक बदाम नाहीतर दोन, त्याहून जास्त नाही. पुढच्या दोन्ही मोठ्या डावांना तेवढंच लागतं. चिंचोक्यांऐवजी द्राक्षं किंवा मनुके घेऊ नका. नाशिकच्या घरात हंगामात तेच हाताशी असतं हे खरं, पण मुलाचं लक्ष पत्त्यावर राहत नाही.

फोड जमली की नव्वीचा डाव. एक नव्वी मधे उघडी ठेवा आणि बाजूला काढलेली त्याच रंगाची दश्शी क्षणभर तिच्या शेजारी ठेवा. दोन्हींच्या कडांना चार-चार खुणा, मधे दश्शीला दोन आणि नव्वीला एक. नव्वीला एकच कमी पडतोय हे मुलाला डोळ्यांनी दिसतं. दश्शी परत काढून घ्या. दुर्री ते नव्वी हे बाकीचे पत्ते पालथे ठेवा. पाळीपाळीने एक उलटायचा आणि त्यातला एक नव्वीला द्यायचा. सत्ती आली, एक दिला, सहा उरले, सोळा. हे मोठ्याने म्हणायचं, आणि तुमच्या पाळीला तुम्हीही म्हणायचं. मूल तुमच्या तोंडून ऐकूनच ही वाट उचलतं.

असं बोलून उत्तर आलं तर पत्ता जिंकला. बोटं मोजून आलं तरी रागवायचं नाही, उत्तर बरोबर आहे असंच म्हणायचं, पण तो पत्ता गड्डीच्या तळाशी जातो. थोड्या वेळाने तो परत वर येतो. जो पत्ता जड जातो तोच जास्त वेळा समोर येतो, आणि कोणाला बोलावं लागत नाही. बाकीचे नियम तुमच्या सोयीने बदला, हा बदलू नका.

नव्वी पूर्ण पक्की झाल्याशिवाय अठ्ठीला हात लावू नका. दहाच्या पलीकडच्या २० बेरजांत ८ नव्वीच्या आहेत, उरलेल्यांत ६ अठ्ठीच्या, मग ४ सत्तीच्या आणि २ छक्कीच्या. म्हणजे नव्वी आणि अठ्ठी मिळून १४ बेरजा होतात, घाई करायचं कारणच नाही. दोन्ही डाव एकाच दिवशी सुरू केले, तर मूल अठ्ठीलाही एकच देतं आणि आठ-पाच चौदा म्हणतं. ही सवय एकदा लागली की सुटायला फार वेळ जातो. अठ्ठीच्या डावात उलटायचे पत्ते तिर्री ते अठ्ठी, आणि द्यायचे दोन. बाकी सगळं तेच.

घड्याळ लावायचं नाही. जो आधी बोलेल त्याचा पत्ता, असा नियम भावंडं स्वतःच काढतात, तोही चालू द्यायचा नाही. चौथीतली ताई लगेच बोलून टाकते आणि पहिलीतला भाऊ विचार करणंच सोडून देतो. ज्याची पाळी, उत्तर त्याचंच. ताईला कंटाळा येत असेल तर तिच्यापुरती मधली नव्वी एकोणीस धरा, सत्तीला तिने सव्वीस म्हणायचं. वाट तीच, एक देऊन वीस करायचे.

एका बैठकीला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, पण रोज. सातपूर-अंबडला शिफ्टमध्ये जाणाऱ्या आईवडिलांना ते जमत नाही हे मी रोज बघते. घरात आजी-आजोबा असतील तर हा डाव त्यांना शिकवा. ज्यांनी आयुष्यभर पाच-तीन-दोन खेळलंय त्यांना नियम एकदा सांगितला की पुरतो. फक्त उत्तर सुचवायचं नाही हे त्यांना आधी बजावून ठेवा. नातवंडाला अडलेलं बघवत नाही आणि आजी ओठ हलवून सांगते.

सत्ती-छक्कीच्या उरलेल्या सहा बेरजा सोप्या आहेत. सात-सात आणि सहा-सहा बहुतेक मुलांना येतातच, त्यांच्या आधाराने सहा-सात आणि पाच-सहा काढता येतात. राहिल्या सात-चार आणि सात-पाच, त्या दहावरून, तीन देऊन.

यानंतर कपाळावरचा पत्ता. तीन जण लागतात. दोघांनी एकेक पत्ता न बघता कपाळाला लावायचा, तिसऱ्याने दोन्ही बघून बेरीज सांगायची. समोरच्याचा पत्ता आणि बेरीज यांवरून आपला पत्ता ओळखायचा. बेरीज तेरा, समोर अठ्ठी, म्हणजे माझ्याकडे पंजी. याने वजाबाकीही सुरू होते. बेरीज सांगायची पाळी प्रत्येक डावाला बदला, नाहीतर ते काम कायम ताईकडेच राहतं.