परसबागेसाठी बॅटरीवरची अवजारे निवडताना

गणपतीला गावी जाऊन घर उघडावे, तर दारापासून विहिरीपर्यंतची पायवाट गवतात बुडालेली असते आणि गवत काढणारा माणूस नेमका त्याच आठवड्यात साऱ्या वाडीला हवा असतो. अशा वेळी बॅटरीवर चालणारा ग्रास कटर घ्यावा, असे पुष्कळांच्या मनात येते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळणे, दोरी ओढून इंजिन चालू करण्याची खटपट आणि कानठळ्या बसवणारा आवाज यांपासून सुटका होते, हे खरे. मात्र दुकानात गेल्यावर बहुतेक जण यंत्र निरखतात आणि बॅटरीला त्यासोबत मिळणारी वस्तू समजतात. प्रत्यक्षात निवड बॅटरीची करायची असते. यंत्रे तिच्या मागून येतात.

याचे कारण असे की, एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला सहसा बसत नाही आणि कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्येही ती चालत नाही. बॉशची निळ्या मालिकेतील १८ व्होल्टची बॅटरी हिरव्या मालिकेतील यंत्राला लागत नाही. मकिताच्या १८ आणि ४० व्होल्टच्या बॅटऱ्याही परस्परांच्या जागी चालत नाहीत. म्हणून घरात आधीच एखादे बॅटरीचे ड्रिल असेल, तर त्याच मालिकेत ग्रास कटर आणि कुंपण छाटण्याचे यंत्र मिळते का, हे प्रथम पाहावे. मिळत असल्यास बॅटरी व चार्जरशिवाय नुसते यंत्र घेता येते आणि बरेच पैसे वाचतात.

यानंतर व्होल्टचा आकडा वाचायला शिकले पाहिजे. लिथियम-आयन सेल सर्वसाधारणपणे ३.६ व्होल्टचा मानतात. पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८ व्होल्ट होतात आणि पूर्ण भरल्यावर २१. त्यामुळे एका खोक्यावर १८, दुसऱ्यावर २० आणि तिसऱ्यावर २१ लिहिलेले असले, तरी तिन्हींची ताकद बहुधा सारखीच असते. ऑनलाइन स्वस्तात विकल्या जाणाऱ्या काही यंत्रांवर ४८ किंवा ८८ असे आकडे ठळक छापलेले दिसतात. त्यांचा चार्जर उलटा करून त्यावरील आउटपुट वाचावे. तेथे २१ व्होल्ट लिहिलेले असेल, तर आत पाचच सेलांची रांग आहे, हे निश्चित समजावे.

बॅटरीची क्षमता सांगणाऱ्या अँपिअर-तासांच्या आकड्याचीही अशीच परीक्षा घेता येते आणि तिला वजनकाटा पुरतो. १८ मिलिमीटर व्यासाच्या व ६५ मिलिमीटर लांबीच्या रूढ सेलमध्ये साधारण साडेतीन अँपिअर-तासांहून अधिक क्षमता मावत नाही आणि अशा एका सेलचे वजन ४५ ते ५० ग्रॅम असते. म्हणजे १८ व्होल्ट व ६ अँपिअर-तासांच्या बॅटरीत असे दहा सेल हवेत आणि नुसत्या सेलांचेच वजन अर्धा किलोच्या आसपास भरले पाहिजे. तसा दावा करणारी बॅटरी काट्यावर ३५० ग्रॅम भरली, तर ती विकत घेण्याचे कारण उरत नाही.

व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की वॅट-तास, म्हणजे बॅटरीत साठणारी एकूण ऊर्जा, मिळते आणि तुलना त्यांचीच करावी. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ७२ वॅट-तास असतात. दाट गवतात ग्रास कटर सरासरी ३०० वॅट ओढत असेल, तर ती सुमारे १४ मिनिटांत संपेल. जाहिरातीत लिहिलेला तासाभराचा वेळ बहुधा सर्वांत कमी वेगावरचा असतो. म्हणून दोन बॅटऱ्या घ्याव्यात आणि चार्जर किती अँपिअरचा आहे तेही पाहावे. २ अँपिअरच्या चार्जरवर ४ अँपिअर-तासांची बॅटरी भरायला दोन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो आणि पावसाळ्यात गावी वीज तेवढा वेळ सलग राहीलच असे नाही.

माझ्या मते दोन-तीन गुंठ्यांच्या अंगण-परसासाठी १८ व्होल्ट पुरतात; त्यापुढे ३६ व्होल्टचे, म्हणजे दहा सेलांच्या रांगेचे यंत्र पाहावे. दहा-वीस गुंठ्यांत रानमोडी आणि घाणेरी माजली असेल, तर बॅटरीचा हट्ट न धरता पेट्रोलचा ब्रश कटर किंवा रोजावर माणूस लावणेच शहाणपणाचे ठरते.

ग्रास कटर घेताना मोटर ब्रशलेस आहे का, हे विचारावे. तिच्यात झिजणारे कार्बन ब्रश नसतात आणि तेवढ्याच बॅटरीत काम अधिक होते. चिऱ्याचा गडगा किंवा दगड असलेल्या जागी धातूचे पाते वापरू नये. तेथे नायलॉनची दोरी बरी. ती यंत्रासाठी सांगितलेल्या जाडीचीच घालावी, कारण १.६ मिलिमीटरच्या यंत्रात २.४ मिलिमीटरची दोरी घातल्यास मोटर तापते आणि बॅटरी लवकर उतरते. कोरडी पडलेली नायलॉन दोरी ठिसूळ होते. वापरण्यापूर्वी ती रात्रभर पाण्यात ठेवली की पुन्हा चिवट होते. दोरीनेही खडे उडतातच, म्हणून डोळ्यांवर गॉगल आणि पायात बंद बूट हवेतच. आयपीएक्स४ लिहिलेले यंत्र पाण्याचे शिंतोडे सोसते, पण भर पावसात काम करण्याची ती परवानगी नव्हे.

मेंदीचे किंवा डुरांटाचे कुंपण छाटण्यासाठी दातांमधील अंतर पाहावे. १५ मिलिमीटर अंतर असलेल्या पात्यात अंगठ्याएवढी जाड फांदी शिरणार नाही. फांद्यांसाठी छोटी चेन सॉ घेतली, तर तिलाही साखळीचे तेल लागते, हे विसरू नये. शहरात झाड तोडायचे असल्यास १९७५च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. पालापाचोळा उडवणारा ब्लोअर मात्र बॅटरी फार खातो. साध्या अंगणाला खराटा पुरेसा आहे.

अमेरिकेतील नातेवाइकांकडून यंत्र मागवण्याचा मोह अनेकांना होतो. तेथील चार्जर पुष्कळदा फक्त १२० व्होल्टचे असतात आणि आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये ते जळतात. शिवाय सुटी लिथियम बॅटरी विमानात चेक-इन सामानात ठेवता येत नाही. हातातल्या सामानातही १०० वॅट-तासांपुढे विमान कंपनीची संमती लागते.

गावचे घर बंद करून परतताना बॅटरी यंत्रातून काढावी, साधारण अर्धी भरलेली ठेवावी आणि कौलांखालच्या तापलेल्या माळ्यावर न ठेवता शक्यतो सोबत आणावी. दमट हवेत तिच्या टोकांवर गंज चढतो, म्हणून ती कोरड्या कापडाने पुसून डब्यात ठेवावी. निकामी झालेली बॅटरी घंटागाडीत टाकू नये. २०२२च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, तेव्हा ती कोठे द्यायची, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला विचारून घ्यावे.