एका कमानपाट्यातून तीन पाती : सुरी, शिवारचाकू आणि केळीचा कोयता

भरताच्या वांग्याच्या सालीवर सुरी घसरता कामा नये. केळीबागेत पिल (खोडाशी उगवणारे कोंब) छाटताना कोयता खड्यावर आदळला, तर त्याचा कपचा उडता कामा नये. ही दोन कामं इतकी वेगळी आहेत की त्यांना लोखंडही वेगळं लागत असेल असं वाटतं. प्रत्यक्षात गाडीच्या एकाच कमानपाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्टीतून, दोन्ही होतात. फरक असतो तो धारेमागच्या जाडीत आणि पाणी दिल्यावर (लाल तापवून झटकन थंड करत टणक केल्यावर) ते किती उतरवलं, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा किती कमी केला, यात. म्हणून इथे एकाच पाट्यातून तीन पाती करू.

भुसावळ, जळगाव, धुळे, कुठल्याही भंगारवाल्याकडे पाटे मिळतात. जीप किंवा पिकअपचा ६ मिमी जाड, ६० मिमी रुंद पाटा घ्या. ट्रकचा १०-१२ मिमीचा पाटा हाताने ठोकून पातळ करण्यात निम्मा दिवस आणि निम्मा कोळसा जातो. मधल्या बोल्टच्या भोकाच्या दोन्ही बाजूंचा ५-५ सेंमी भाग सोडून द्या, तिथे बारीक तडे असतात आणि ते पाणी देतानाच उघडे पडतात. बांधकामाची सळई फुकट मिळाली तरी नको. तिच्यात कार्बन फार कमी असतो, कितीही पाणी द्या, धार टिकत नाही.

पाट्याची परीक्षा आधीच करा. बोटाएवढा तुकडा लाल करून तेलात बुडवा, वाइसमध्ये धरून हातोड्याचा फटका द्या. वाकला तर पाटा कामाचा नाही. तुटला आणि तुटलेली कड करड्या मखमलीसारखी बारीक दिसली, तर उत्तम. साखरेच्या दाण्यांसारखी चमकली, तर तापवणं जास्त झालं, कमी तापवून पुन्हा बघा.

सुरीसाठी ३० मिमी रुंद आणि १२० मिमी लांब तुकडा पुरतो, शिवारचाकूला त्याच रुंदीचा १५० मिमी लागतो, कोयत्याला पूर्ण रुंदीचा २०० मिमी. तयार मापं अशी: सुरीचं पातं १५० मिमी लांब, पाठ २.५ मिमी. शिवारचाकूचं ११० मिमी, पाठ ४ मिमी. कोयत्याचं २६० मिमी, पाठ ५ मिमी, टोक पुढे वळलेलं.

भट्टीला बाभळीचा कोळसा चांगला. दगडी कोळसा वापरणार असाल, तर आधी त्याचा धूर पूर्ण संपू द्या. ठोकताना लोखंड नारिंगी-पिवळं हवं, मंद लाल झालं की हात थांबवा. त्याखाली मारलेला घाव पात्यात तडा सोडून जातो आणि तो तुम्हाला दोन दिवसांनी दिसतो. उलट, भट्टीतून काढताना फुलबाजीसारख्या ठिणग्या उडाल्या, तर ते टोक जळालं. जळालेलं लोखंड कशानेही दुरुस्त होत नाही, तेवढं कापून टाका.

नवख्यांची पाती केळीसारखी उलटी का वाकतात? धारेची बाजू ठोकून पातळ केली की तिची लांबी वाढते, पाठीची वाढत नाही, त्यामुळे पातं पाठीकडे वळतं. म्हणून धार काढण्यापूर्वीच पट्टी धारेच्या बाजूला वाकवून ठेवा, ठोकताना ती आपोआप सरळ होते. कोयत्याचं टोक पुढेच हवं असतं, तेव्हा त्याला हा बाक आणखी जास्त द्या.

आकार आला की पातं तीन वेळा तापवून मोकळ्या हवेत काळं होईपर्यंत थंड करा, प्रत्येक वेळी थोडं कमी तापवत. ठोकताना आलेला ताण यात निघतो. कंटाळा येतो म्हणून ही पायरी गाळतात आणि मग पाणी देताना पातं वाकडं झालं की तेलाला दोष देतात. शेवटी एकदा तापवून रात्रभर राखेत पुरून ठेवा, म्हणजे कानस चालेल.

कानशीने घासताना धारेची कड सुरीला १ मिमी, बाकी दोघांना १.५ मिमी जाड सोडा. आधीच कागदासारखी पातळ केली, तर पाणी देताना ती लाटांसारखी होते. पातं आणि शेपूट (मुठीत जाणारा भाग) जुळतात तिथे काटकोन नको, गोल कानशीने ३ मिमीची गोलाई द्या, कारण तडा नेहमी कोपऱ्यातून निघतो. सुरी आणि शिवारचाकूच्या शेपटीला रिव्हेटची ५ मिमीची भोकंही आत्ताच पाडा. नंतर ड्रिल घसरत बसेल.

आता पाणी. नाव पाण्याचं असलं तरी द्यायचं तेलात. साध्या पाण्यात इतकं पातळ पातं ‘टच्’ असा आवाज करून फुटतं. शेंगदाण्याचं तेल ५ लिटर, उभ्या लोखंडी डब्यात, एक तापलेली सळई बुडवून ५०-६० अंशांपर्यंत कोमट केलेलं. डब्याला झाकण आणि शेजारी वाळूची बादली हवीच, पेटलेल्या तेलावर पाणी ओतायचं नाही. जुनं इंजिन ऑइल टाळा, त्याचा धूर छातीत बसतो. डोळ्यांना चष्मा, अंगात सुती कपडे.

हे काम दिवस मावळल्यावर करा. आपल्याकडच्या उन्हात लाल लोखंडही काळंच दिसतं, आणि रंग कळला नाही की पातं जास्त तापतं. पातं आगीत पुढे-मागे हलवत सगळीकडे सारखं तापवा, मधूनमधून चुंबक लावा. साधारण ७७० अंशांना चुंबक धरायचं बंद होतं. बहुतेक जण तिथेच तेलात टाकतात आणि कानस पुन्हा चावते, म्हणजे पातं मऊच राहतं. या पाट्याला ८५० च्या आसपास तापमान लागतं, म्हणजे चुंबक सुटल्यावर रंग आणखी एक छटा उजळू द्या, मिनिटभर तसाच राखा आणि मगच टोक खाली करून सरळ बुडवा. तेलात वर-खाली किंवा धार-पाठीच्या दिशेने हलवा. आडवं फिरवलं की एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. थंड झाल्यावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरली, तर पाणी चढलं.

या क्षणी पातं काचेइतकंच ठिसूळ आहे, फरशीवर पडलं तर दोन तुकडे होतील. तासाभरात पाणी उतरवा. काळी खपली घासून धातू उजळ करा, म्हणजे रंग दिसतील. सुरी वाळूच्या ताटलीवर ठेवून ओव्हनमध्ये २०० अंशांवर एक तास, थंड करून पुन्हा एक तास. कडबा-पेंढीची दोरी तोडण्यापासून लाकूड तासण्यापर्यंत सगळं करणाऱ्या शिवारचाकूला २२५ अंश, तसंच दोनदा. ओव्हनच्या बटणावरचा आकडा वीस-वीस अंशांनी खोटा बोलतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा.

कोयत्याला ओव्हन नको. जाड लोखंडाचा ठोकळा लाल करून त्यावर फक्त कोयत्याची पाठ टेकवा. रंग पाठीकडून धारेकडे चालत येतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. धारेशी तपकिरी (साधारण २५० अंश) आणि पाठीवर निळा (३०० च्या आसपास) आला की लगेच तेलात थंड करा. म्हणजे धार टणक राहते आणि पाठ घाव सोसते.

पुढची घासाई ग्राइंडरवर केली, तर दर दोन-तीन सेकंदांनी पातं पाण्यात बुडवा. धारेवर निळा डाग उमटला की तिथलं पाणी गेलं, तो भाग घासून काढण्याशिवाय उपाय नाही. धारेचा कोन एका बाजूने सुरीला १५ अंश, शिवारचाकूला २०, कोयत्याला २५ ते ३०.

मुठीला शिसव, बाभळीचा गाभा किंवा अंजन. अंजन इतकं कठीण की कानस थकते, पण मूठ सहसा फुटत नाही. लाकूड मे महिन्यात वाळलेलं घ्या. पावसाळ्यात बसवलेली ओली मूठ पुढच्या उन्हाळ्यात आकसते, रिव्हेट बोटाला टोचतात आणि फटीत मसाल्याचं पाणी शिरून शेपूट गंजते. ९ मिमी जाडीच्या दोन फळ्या, एपॉक्सी, आणि ५ मिमी पितळी सळईचे तीन रिव्हेट. क्लॅम्प फार आवळू नका, सगळा चिकटा बाहेर येतो. २४ तासांनी रिव्हेट हलक्या हाताने ठोका. वरून जवसाच्या तेलाचे तीन हात द्या. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. पसरून उघड्यावर वाळवा.

कोयत्याची शेपूट गोल मुठीत आत जाते. मुठीत शेपटीपेक्षा थोडं लहान भोक पाडा, पात्याला ओलं फडकं गुंडाळा, फक्त शेपूट लाल करून आत दाबा, ती आपली जागा जाळून घेते. फडकं विसरलात, तर पात्याचं पाणी गेलं. मुठीच्या तोंडाशी लोखंडी साम (कडं) बसवा, पण जस्ताच्या पाइपाची कापलेली कडी तापवून बसवू नका, तिचा धूर विषारी असतो.

शेवटी परीक्षा. सुरीने पिकलेला टोमॅटो न दाबता कापला जावा. कोयत्याने कापसाच्या वाळलेल्या वीस पऱ्हाट्या तोडा आणि धार उजेडात धरा. कपचे दिसले तर पाणी जास्त आहे, आधीपेक्षा १५-२० अंश जास्त तापवून ते आणखी उतरवा. धार दुमडली तर पाणी कमी, पुन्हा तापवून तेलात द्यावं लागेल. केळीच्या चिकाने पातं काळं पडतं, त्याने बिघडत काही नाही, पण चीक सुकायच्या आत पुसा. सुरीला रात्री खोबरेल तेलाचा हात लावा. शेंगदाण्याचं तेल पात्यावर चिकट थर धरतं.

विकायला बनवत असाल, तर एक नियम माहीत हवा: ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचा चाकू घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामाचा नसेल, तर तो शस्त्रांत मोडतो. आपला कोयता ९ इंचांहून लांब आहे, तो शेतीचं अवजार म्हणूनच बनवा आणि तसाच विका.