टेक्सासात नवीन आहात? बंदुकीबद्दल आधी हे वाचा

सप्टेंबर 2021 पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. रांगेत पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या कमरेला होल्स्टर (पिस्तूल ठेवायची म्यान) दिसलं, तर दचकू नका.

तुम्ही स्वतः बंदूक घ्यायची की नाही, हा प्रश्न एच-वन, एच-फोर किंवा विद्यार्थी व्हिसावर असेपर्यंत जवळजवळ मिटलेलाच आहे. फेडरल कायद्याने तुम्हाला बंदूकच काय, काडतूसही जवळ ठेवता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट मिळते, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. ऑफिसातले मित्र प्रेमाने शूटिंग रेंजवर नेतील, "एकदा हातात धरून तर बघ" म्हणतील. हातात धरणं हेही बाळगणंच ठरू शकतं. नम्रपणे नाही म्हणा. ग्रीन कार्ड आल्यावर ही आडकाठी राहत नाही.

मला खरी काळजी मुलांची वाटते. 2020 साली अमेरिकेत 1 ते 19 या वयातल्या मृत्यूंचं पहिलं कारण बंदूक ठरलं, रस्त्यावरच्या अपघातांच्याही पुढे. म्हणून मुलाला कुणाकडे खेळायला पाठवण्याआधी विचारा: घरात बंदूक आहे का, आणि ती कुलपात असते का? इथले बालरोगतज्ज्ञही पालकांना हेच विचारायला सांगतात, तेव्हा संकोच नको. आपल्या मराठी घरांतही विचारा. गणपतीची आरती खाली चालू असते, मुलं वरच्या बेडरूममध्ये ड्रॉवर उघडत असतात. निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली, तर टेक्सासात तो गुन्हा ठरतो. मुलांना एवढं पाठ करून घ्या: दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं, मोठ्यांना सांगायचं.

पुढे कधी घेतलीत, तर आधी प्रशिक्षण आणि तिजोरी, मग बंदूक. काडतुसं वेगळ्या कुलपात. मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढलं म्हणजे ती रिकामी झाली असं समजू नका. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, एक गोळी राहिलेली असू शकते. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं धरून चाला, नळी कुणाकडेही वळवू नका, झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापावर नको. आणि घरात कुणी खचलेलं असेल, तर बंदूक त्याच दिवशी घराबाहेर काढा. या देशात गोळीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. 988 या आत्महत्या रोखण्यासाठीच्या मदत क्रमांकावर कुठल्याही वेळी फोन करता येतो.

रेंजवर नेलेली बॅग भारतात जाताना घेऊ नका. तळाशी राहून गेलेलं एकच काडतूस मुंबई विमानतळावर सापडलं, तरी 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो. मुलांनी आठवण म्हणून खिशात घातलेली काडतुसाची रिकामी पुंगळीसुद्धा इथेच राहू द्या.