सेल्फ-टेस्ट ‘फेल’ दाखवतोय? आधी लीड काढा

शिरोली, गोकुळ शिरगाव किंवा कागलच्या एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंट रिपेअरिंगला नव्याने लागलेल्यांसाठी हे. सोल्डरिंग येतं, सर्किट वाचता येतं, असं धरून चालतो.

उदाहरण एजिलंटच्या ३४४०१ए बेंच मीटरचं, म्हणजे टेबलावर ठेवायच्या मल्टिमीटरचं, घेऊ. नुसतं चालू केल्यावर तो स्वतःला वरवरच तपासतो. पूर्ण टेस्टसाठी शिफ्ट दाबून पॉवर द्या, पाच सेकंदांहून जास्त धरा, मग सोडा. साधारण १५ सेकंदांत ‘पास’ किंवा ‘फेल’ येतं.

नवा माणूस फसतो तो इथेच. टेस्टच्या वेळी इनपुटला काहीही जोडलेलं नको. पुढे नको, मागच्या टर्मिनललाही नको. लीडचं (मापायच्या वायरचं) दुसरं टोक मोकळं आहे, मग काय बिघडतंय, असं वाटतं. बिघडतं. लांब लीड अँटेनासारखी एसी ओढून घेते, आणि आपल्याकडे शेजारच्या शेडमध्ये इंडक्शन फर्नेस चालू असण्याची शक्यता दांडगी. मीटर ठणठणीत असतो, तरी फेल येतं. मग झाकण उघडतं, चांगली आयसी निघते आणि खरा बिघाड तिथून सुरू होतो. म्हणून लीड काढा, परत टेस्ट घ्या, तेव्हाच स्क्रू-ड्रायव्हर उचला.

तरीही फेल आलं तर घाबरू नका. कोड बरंच सांगतात. फक्त मीटर बंद करू नका. मीटरच्या मेमरीत रांगेने २० पर्यंत एरर राहतात आणि पॉवर गेली की पुसले जातात. आलेल्या क्रमाने वहीत उतरवा. ६०२ म्हणजे रॅम, ६१२ म्हणजे ओहमचा ५०० नॅनोअँपिअरचा सोर्स. एकच कोड असेल तर त्या भागापासून सुरुवात करा. पाच-सहा एकदम आले तर आधी सप्लायची व्होल्टेज आणि स्कोपवर (ऑसिलोस्कोपवर) रिपल, म्हणजे डीसीत उरलेला चढउतार, बघा. जुन्या मीटरात इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सुकलेले असू शकतात. “ऑफ-ऑन कर रं, जातंय ते,” म्हणणाऱ्या उस्तादाकडून चहा घ्यावा, काम शिकू नये.

दुरुस्तीला स्कोप आला असेल तर फेल घालवायला सेल्फ-कॅल (स्कोपने स्वतःच स्वतःचं करेक्शन करणं) अजिबात दाबू नका. बिघडलेल्या सर्किटवर नवे करेक्शन लिहिले जातात, जुने जातात. दुरुस्तीनंतर, प्रोब काढून, स्कोप किमान २० मिनिटं तापवून मगच ते करायचं.

आणि ‘पास’ म्हणजे कॅलिब्रेशन नव्हे. रिपोर्टवर तसं लिहू नका. ३४४०१ए ची छापील अचूकता तासभर तापल्यानंतरची आहे. शिवाय करंटचा फ्यूज या टेस्टमध्ये तपासलाच जात नाही: पास येतं, आणि करंट रेंज मेलेली. मागचा ३ अँपिअरचा फ्यूज कंटिन्युइटीवर बघा. तो चांगला निघाला तर आत ७ अँपिअरचा दुसरा आहे. त्यासाठी झाकण उघडायचं ते मेन्सची कॉर्ड आणि सगळ्या लीड काढूनच.