ग्वाल्हेरहून पवायाला जाणार असाल तर

डबऱ्याजवळचं पवाया म्हणजेच जुनी पद्मावती, संस्कृत नाटककार भवभूतीच्या 'मालतीमाधव' नाटकातलं गाव, आणि भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा, म्हणून आपल्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींनी तर जायलाच हवं. फक्त एक करा, निघायच्या आधी नाटकाचा नववा अंक वाचून घ्या, भाषांतर चालेल. सुरुवातीलाच सौदामिनी ही नाटकातली योगिनी आकाशातून पद्मावती बघते, सिंधू आणि पारा (म्हणजे आजच्या सिंध आणि पार्वती) या नद्या, धबधबा, शंकराचं देऊळ, सगळं सांगत जाते. ते डोक्यात असलं की सिंध-पार्वतीच्या संगमावर उभं राहिल्यावर 8व्या शतकातल्या त्या ओळी समोर दिसायला लागतात, खरंच अंगावर काटा येतो, नाहीतर नुसते दगड आणि विटांचे ढिगारेच बघून परत याल.

आदल्या दिवशी गुजरी महालच्या म्युझियममध्ये पवायाला सापडलेली मणिभद्र यक्षाची मूर्ती बघा.

रस्ता सोपा, झाशी रोडने डबरा आणि मग भितरवारकडे. पावसाळा संपता संपता गेलात तर हिरवळही मिळते आणि धूमेश्वर महादेवाजवळ सिंधेचं पाणी खडकांवरून जोरात कोसळताना दिसतं, पण खडक निसरडे असतात, मुलांचा हात सोडू नका. डबा, पाणी घरूनच घ्या.